मी न मारलेला दहा

"जिचा हात थरथरतो तिची मला काळजी नाही," घोरपडे मॅडम बडीशेप चघळत म्हणाल्या. "जी म्हणते माझं काहीच हलत नाही, तिच्याकडं लक्ष ठेवायचं."

मी मान डोलावली आणि लगेच विसरून गेले. माझा हात त्या वेळी असा थरथरत होता, की बंदुकीऐवजी रवी दिली असती तर ताक तरी झालं असतं. अशा बाईला शिकवणारे आणखी काय सांगणार? नापास पोराला नाही का म्हणत, 'मार्कांवर काही नसतं रे बाळा'? त्यातलंच हे, असं मी धरलं.

मॅडम पोलिसातून निवृत्त झालेल्या. सांगलीच्या वखारभागात हळदीचं एक जुनं गोदाम भाड्यानं घेऊन त्यांनी एअर रायफलचे वर्ग काढले होते. हळद जाऊन कैक वर्षं झाली होती, पण तसं हळदीला कुणी सांगितलं नसावं. भिंती पिवळ्या, फरशीच्या सांधी पिवळ्या, घरी गेल्यावर आमचे मोजे पिवळे. नेमबाजी शिकून येतेय की कुणाचं लग्न लावून, तेच कळू नये.

"नळीच्या टोकाला हे कडं आहे बघ," मॅडम सांगत होत्या. "समोरचा काळा ठिपका ह्या कड्यात बसवायचा. बसला की हलणार. श्वास चालू आहे, काळीज उडतंय, हलणारच की. हलतंय ते बघत राहायचं आणि बघता बघता अलगद चाप दाबायचा. फार वेळ लागायला लागला तर बंदूक खाली. परत पहिल्यापासनं. कळलं?"

खाली ठेवण्यात मी पहिल्याच दिवशी पारंगत झाले.

मी तिथं पोचले ती माझ्या नवऱ्याच्या कल्पकतेमुळं. आमची कुहू तेव्हा दीड वर्षाची होती, आणि ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघायचे. श्वास लागला बोटाला, की मला बरं वाटायचं. थोडा वेळ. मग परत जायचे.

"तू पोरीला झोपू देत नाहीस," हृषी म्हणाला.

"मी तिला हातसुद्धा लावत नाही."

"बोट लावतेस. काल ते तिच्या नाकातच गेलं."

"आम्ही तीन पोरं वाढवली," सासूबाईंनी वाटाणे सोलता सोलता भर घातली. "एकाचाही श्वास मोजला नाही. घेत होती आपापली."

पुढच्या आठवड्यात हृषीनं माझं नाव परस्पर घालून टाकलं. 'एकाग्रता वाढते, मन शांत होतं' असं त्या वर्गाच्या पाटीवर लिहिलेलं होतं म्हणे. बायकोला दिवसभर टोमणे मारायचे, मग स्वतःच्या हातानं तिला बंदूक मिळवून द्यायची आणि वर घरात शांतता नांदेल म्हणून वाट बघायची, ह्याला मोठं काळीज लागतं. लग्नाला पाच वर्षं होऊनही हृषीकडं ते होतं.

"आणि एकटीनं जायचं नाहीये तुला," तो म्हणाला. "वरची केतकीपण येतीय."

म्हणजे झालंच.

केतकी नलवडे बरोबर आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहायची. तिचा ईशान पाच महिन्यांचा. नवरा विश्वजीत साखर कारखान्यात केमिस्ट. पाच महिन्यांचं मूल असलेल्या बाईचे केस विंचरलेले असतात, हे मी पहिल्यांदा केतकीच्या डोक्यावर पाहिलं. पोर रडलं तरी तिचा आवाज चढायचा नाही. जिन्यात भेटली की हसायची, तेवढंच, मोजून मापून. आमच्या घरात 'गॅस बंद केलास का' ह्याच्या खालोखाल जास्त बोललं जाणारं वाक्य होतं, 'केतकीकडे बघ जरा.' मी बघतच होते. खरं तर मी सगळ्यांकडेच बघत असायचे. इमारतीत कुणाकडं पाहुणे आले, कुणाचं दूध दाराशी तसंच राहिलं, कुणाचा कचरा आज बाहेर आला नाही, सगळं मला ठाऊक. "सोसायटीचा सीसीटीव्ही रद्द झाला तो हिच्यामुळं," असं हृषी चारचौघांत सांगायचा आणि चारचौघं हसायचे.

वर्गातही तेच. नेमबाजीचं जॅकेट आणि विजार म्हणजे कॅनव्हास आणि चामड्याचा पिंजरा. त्यात शिरलं की माणूस पेंग्विनसारखा चालतो. ते घालून मी नुसती उभी राहिले तरी डुलायचे. केतकी मात्र अशी उभी राहायची, जशी काही गोदामाबरोबरच बांधलेली आहे. बंदूक उचलायची, गाल टेकवायची, आणि संपलं. पापणीसुद्धा नाही. मॅडमनी तिची चित्रफीत काढून नव्या पोरांना दाखवायला सुरुवात केली.

"असं उभं राहायचं," त्या म्हणायच्या. स्वतःच दिलेला इशारा त्याही विसरल्या होत्या. पण हातात अशी विद्यार्थिनी सापडल्यावर कोण आठवण ठेवील?

एकदा मी तिला विचारलंच. "केतकी, तुझं ते कडं हलत नाही का गं?"

"नाही," ती म्हणाली. "कुठं काय हलतंय?"

तिनं हे फुशारकीनं सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. निदान तिचा राग तरी करता आला असता. तिनं सांगितलं ते पत्ता सांगावा तसं.

मग नवशिक्यांची स्पर्धा ठरली. आमचा वर्ग, मिरजेचा एक आणि इस्लामपूरचा एक. मला बक्षीस नको होतं. मला फक्त एकदा, एकच रविवार, केतकीपेक्षा चांगले मार्क हवे होते. घरी येऊन ते कार्ड फ्रिजवर चिकटवायचं होतं, वाटाणे सोलतानाही दिसेल अशा उंचीवर. बाई घाबरट असेल, पण नेम लागतो, एवढं सिद्ध झालं असतं तरी माझं उरलेलं आयुष्य सुखात गेलं असतं.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी मी गॅलरीतून केतकीच्या सासूबाईंना रिक्षात बसताना पाहिलं. हातात मोठी बॅग.

"केतकीच्या सासूबाई गावाला गेल्या वाटतं," मी म्हणाले.

"कॅमेरा चालू झाला," हृषी म्हणाला.

"अरे, पण गळीत हंगाम आहे. विश्वजीत दिवसरात्र कारखान्यावर असतो. मग बाळाजवळ..."

"केतकी आहे ना? ती काय तुझ्यासारखी आहे?"

मी गॅलरीचं दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी केतकी माझ्या स्कूटरवर मागं बसली. केस विंचरलेले. मी विचारलं, "ईशान?"

"झोपलाय."

"विश्वजीत आला वाटतं ड्यूटीवरून?"

"हं," ती म्हणाली.

तिकडं पोचल्यावर मॅडमनी सगळ्यांचे मोबाइल गोळा करून एका परडीत ठेवले. "स्पर्धा संपेपर्यंत घर विसरायचं," त्यांनी खास माझ्याकडं बघत सांगितलं. मी परडीकडं पाहिलं, जसं बाळंतिणीनं पाळण्याकडं पाहावं.

माझी सहावी जागा, केतकीची सातवी. समोर दहा मीटरवर प्रत्येकीचं कार्ड. एका कार्डावर एकच छर्रा मारायचा, बटण दाबलं की दोरीवरून कार्ड आपल्याकडं येतं, मग दुसरं लावून पाठवायचं. सोपं आहे. चौथीतल्या मुलाला जमेल. मला कार्ड लावायला छान जमायचं.

शिट्टी झाली. मी बंदूक उचलली. कडं काळ्या ठिपक्याभोवती असं फिरायला लागलं, जसं रिकामटेकडं माणूस चौकाभोवती. खाली ठेवली. परत उचलली. कुहूनं सकाळी खोकला काढला होता, तो आठवला. खाली ठेवली.

मागच्या बाकावर मिरजेची दोन पोरं बसली होती.

"ही काकू नेम धरायली का व्यायाम करायली रे?"

"डंबेल्स समजून उचलायलीय."

शेजारून मात्र 'फट्' असा आवाज यायचा, ठराविक वेळानं, घड्याळ लावल्यासारखा. केतकी चालली होती पुढं. मी दात आवळले, काही कार्डं कशीबशी मारली, त्यात एक नऊ लागला. नऊ! माझ्या आयुष्यातला पहिला. फ्रिज डोळ्यांसमोर आला. आता शांतपणे मारत राहिलं तर जमेल, असं म्हणत मी नवं कार्ड पाठवलं, बंदूक उचलली, कडं हललं, म्हणून खाली ठेवली.

शेजारून फट् आवाज आला.

मी स्टँडवरच्या दुर्बिणीतून माझ्या कार्डाकडं पाहिलं. त्यावर भोक होतं. अगदी मधोमध. दहा.

मी अजून चापाला बोटही लावलं नव्हतं.

माणसाच्या मनात किती घाण असते ते अशा वेळी कळतं. पहिला विचार आला तो हा, की घ्यावा. गुपचूप बटण दाबावं, कार्ड ओढावं, दहा तर दहा. एवढी वर्षं काळजी केल्याचं फळ म्हणून देवानंच पाठवला असेल. पण मग शेजारच्या कार्डाकडं पाहिलं. ते कोरं होतं. आणि केतकी त्या कोऱ्या कार्डाकडं बघत पुढचा छर्रा भरत होती.

"मॅडम," मी हात वर केला. "हा माझा दहा नाही."

"काय?"

"मी मारलेला नाही. मी अजून मारलंच नाही."

मागं हशा पिकला. "दहा परत करणारी बाई पहिल्यांदाच बघितली," मिरजेचं पोरगं म्हणालं. "काकू, नको असंल तर मला द्या."

मॅडम आल्या, दुर्बिणीत डोळा घातला. "केतकी, शेजारच्या कार्डावर मारलंस. होतं असं नव्या माणसाचं. दोन मार्क जातील. आपलं कार्ड बघ आता."

केतकीनं मान हलवली. बंदूक उचलली. गाल टेकवला. मी तिच्याकडं बघत होते, आणि पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. तिची नळी आपल्या कार्डावर नव्हती, माझ्याही कार्डावर नव्हती. दोन्हीच्या मध्ये, भिंतीवरच्या हळदीच्या एका डागाकडं वळलेली होती. डोळा उघडा होता, पण त्या डोळ्यात कुणी नव्हतं. श्वास कितीतरी वेळ थांबवलेला.

हलत नाही म्हणणारी बघतच नसते. एवढी साधी गोष्ट.

"केतकी, बंदूक खाली," मी म्हणाले.

ती तशीच.

"केतकी, खाली ठेव गं."

मॅडमनी पुढं होऊन नळी धरली आणि हळूच बंदूक तिच्या हातातून काढून घेतली. तिनं देऊन टाकली, शेजारणीनं मागितलेली वाटी द्यावी तशी. चेहरा पांढराफटक. "उकडतंय वाटतं तिला," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या जॅकेटचे पट्टे सोडले.

आतला टीशर्ट पुढून ओलाचिंब होता. मॅडमना घाम वाटला. मला नाही वाटला. कुहूला पाजून मला फार दिवस झाले नव्हते. असं कपडा भिजवणारं दूध किती वेळ साठलेलं असतं, ते मी बघितलं की सांगू शकते.

"केतकी, ईशानला कधी पाजलंस?"

ती विचार करायला लागली. "काल संध्याकाळी... नंतर पण पाजलं असेल."

"आत्ता कुणाजवळ आहे तो?"

"झोपलाय."

"अगं, कुणाजवळ झोपलाय? विश्वजीत आहे ना घरी?"

"तो परवापासून कारखान्यावरच आहे," ती म्हणाली. "मी कुलूप लावून आलेय. काही होत नाही."

काही होत नाही. हे वाक्य ऐकण्यासाठी मी दीड वर्ष तरसले होते. सगळ्यांनी सांगितलं होतं असंच म्हणायला शिक म्हणून. त्या गोदामात ते ऐकलं आणि मी तिच्या पर्सवर झडप घातली.

किल्ली काढली. परडीतून मोबाइल ओढला. सासूबाईंना फोन लावला. "आई, वर जा. केतकीच्या घरी. ईशान आत एकटा आहे, कुलूप आहे, मी किल्ली घेऊन येतेय."

मला वाटलं, म्हणतील, काय बाई तुझं एकेक. पण त्या फोन न ठेवताच निघाल्या, त्यांच्या गुडघ्यांचा आणि जिन्याचा आवाज मला येत होता. मग त्यांचा बदललेला आवाज, कुणाशी तरी दाराच्या फटीतून बोलणारा. "आलो हां राजा. हितंच हाय आज्जी. रडू नको. आलो."

"मॅडम, तुम्ही हिला घेऊन या. एकटी सोडू नका," मी सांगितलं आणि पळाले. पळाले हा शब्द मोठा झाला. त्या ताठ विजारीत गुडघे वाकत नाहीत. मिरजेची दोन्ही पोरं उठली, एकानं दार धरलं, दुसऱ्यानं स्कूटर स्टँडवरून काढून दिली. आता कुणी काकू म्हटलं नाही. वखारभागातून विश्रामबागेपर्यंत मी पेंग्विनच्या वेशात, दोन्ही पाय बाजूला काढून गेले. रस्ताभर लोक बघत होते. बघू देत. बघणं ही चांगली सवय आहे.

सासूबाई केतकीच्या दाराशी फतकल मारून बसल्या होत्या, ओठ दाराच्या फटीला लावून. मला बघून त्यांनी मान वर केली. चेहरा राखेसारखा झाला होता.

"रडत होता," त्या म्हणाल्या. "आत्ताच गप झाला. शर्वरी, एकदम गप झाला गं."

किल्ली भोकात जाईना. माझा हात, अर्थातच, थरथरत होता. दोनदा किल्ली बाहेर काढली, परत पहिल्यापासून घातली. तिसऱ्यांदा फिरली.

ईशान पलंगावर होता. उशांच्या मधे, पालथा, गाल चादरीला चिकटलेला, ओला. हलत नव्हता. मी दारातच थिजले. दीड वर्ष ज्याची तालीम केली होती ते समोर आल्यावर मला एक पाऊल टाकता येईना.

मागून सासूबाई कुजबुजल्या, "बोट लाव. आधी त्याच्या नाकाखाली बोट लाव."

मी गेले. बोट लावलं.

ऊब लागली. मग एक उसासा, रडून दमलेल्या पोराचा. मग त्यानं डोळे उघडले, परक्या बाईचा असला अवतार पाहिला आणि अख्खी इमारत गोळा होईल असा टाहो फोडला. सासूबाई खाली बसल्या आणि त्याच्याहून मोठ्यानं रडल्या.

मॅडम केतकीला घेऊन आल्या. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, पाहुण्यासारखी.

"आत ये," मी म्हणाले.

"मी आज परत येणारच नव्हते," ती म्हणाली. तिचा आवाज तोच, शांत. "स्पर्धा झाली की तिथून निघून जायचं होतं. कुठं ते ठरवलं नव्हतं." मग, "शर्वरी, मला काहीच वाटत नाही गं. तो रडतो ते ऐकू येतं, पण शेजारच्या घरातलं रडणं असल्यासारखं. तुला सारखी भीती वाटते ना? मला तुझा हेवा वाटायचा."

सासूबाईंनी तोंड उघडलं. 'आमच्या वेळी' असं काहीतरी येणार म्हणून मी वळले. पण त्यांनी ते मिटलं, केतकीचा हात धरून तिला आत आणलं, बसवलं आणि ईशानला तिच्या मांडीवर ठेवून स्वतः शेजारी टेकून बसल्या. बाळ प्यायला लागलं. दूध येत होतं. मालकीण जागेवर नसताना शरीर बिचारं हजेरी लावत होतं.

त्या संध्याकाळी विश्वजीतला कारखान्यावरून बोलावून घेतलं. "पण ती तर इतकी शांत होती," तो म्हणाला. हृषी म्हणाला. तिची सासू गावाहून येऊन म्हणाली. सगळी इमारत म्हणाली. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या नाहीत. बाळंतपणानंतर असा आजार होतो, औषध असतं, वेळ लागतो, तोवर एकटं ठेवायचं नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. मग रोज दुपारी आमच्या सासूबाई वाटाणे, घेवडा, मेथी, जे असेल ते घेऊन वर जाऊन बसायच्या. 'अमकीकडे बघ जरा' म्हणून तिकडं कुणाचं नाव घेत होत्या कोण जाणे.

स्पर्धेत मी शेवटची आले. कार्डं अर्धवट सोडल्याबद्दल. नऊ लागलेलं कार्ड कुठं गेलं ते कळलं नाही. फ्रिजवर अजून गॅसवाल्याचा नंबर आहे.

वर्ष उलटल्यावर केतकी पुन्हा गोदामात आली. केस विस्कटलेले, खांद्यावर ईशानची लाळ. जॅकेट चढवलं, बंदूक उचलली, आणि लगेच खाली ठेवली. परत उचलली. परत खाली. मग माझ्याकडं वळली. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"शर्वरी, हलतंय गं," ती म्हणाली. "कडं हलतंय!"

तिला त्या दिवशी चार लागला. एवढा वाईट चार मी कुणाचा पाहिला नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

कुहू आता तिसरीत आहे. अजूनही रात्री बोट लावते मी, ती कुशीवर वळून "आई, जा ना" म्हणते. माझं सोडा, माझ्यासारख्यांची चौकशी करायला जग बसलेलं आहे. तुमच्या जिन्यात ती दुसरी कुणीतरी असेल बघा. पोर लहान, केस विंचरलेले, कधी तक्रार नाही, जिचं उदाहरण तुम्ही घरात देता. आज तिची बेल वाजवा. 'कशी आहेस' विचारू नका, ती 'मस्त' म्हणेल. विरजण मागा, वाटी पुढं करा आणि आत जाऊन फतकल मारून बसा. बाळाला आपल्या मांडीवर घ्या. आणि तिच्याकडं जरा बघा, हलतंय का काही.